खाणारा गोबीत, जेवण पिजदुऱ्यात

आमच्याकडे खान्देशात पाहुण्याची खरी ओळख त्याला ताटावर बसवल्यावर होते. नाव, गाव, नोकरी हे सगळं ओट्यावरच विचारून झालेलं असतं. पण सोयरीक जुळवायला आलेला माणूस असो की नव्याने बदलून आलेले गुरुजी, घरातल्या बायकांना तीनच गोष्टी कळायला हव्या असतात. तिखट चालतं का, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आवडते का आणि गळ्यात माळ आहे का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं काहीही आली तरी निभावून नेता येतं. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असं आलं, की रश्शाचं पातेलं गुपचूप मागच्या अंगणात जातं आणि पुढच्या चुलीवर गंगाफळाची भाजी चढते.

माझ्या एका काकांनी अशी माळ घातली. मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून मुक्ताबाईची पालखी पंढरपूरला निघते. एका वर्षी ते त्या वारीला गेले आणि परतले ते माळकरी होऊनच. त्याआधी नळी फोडून आतला गर ओढण्यात त्यांचा हात धरणारं भावकीत कुणी नव्हतं. नंतर तेच काका फौजदारी डाळ आणि ठेच्यावर तेवढ्याच तब्येतीत जेवू लागले. ताट बदललं, जबडा तोच, सुळे तेच, आतडी तीच. हजारो वर्षांनी कुणाला त्यांचा जबडा सापडला तर त्या हाडात माळेचा पत्ता लागायचा नाही.

काकांचा विषय निघाला तो एका डायनोसॉरमुळे. अखाजीला बहीण माहेरी आली होती. सोबत पुण्यात वाढलेला भाचा आणि भाच्याच्या हातात रबरी डायनोसॉर. सरळ उभा, पोट सुटलेला, लांब मानेवर इवलंसं डोकं आणि हातांना गुडघ्याखाली लोंबणारी नखं. आई मांड्यांचं पुरण वाटत होती. तिने त्या खेळण्याकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, “हाऊ काय खास रे भाऊ?”

“आजी, हा व्हेजिटेरियन आहे. पानं खातो.”

“पाला खास? मंग नखं कसाले?”

भाच्याकडे उत्तर नव्हतं, तो माझ्याकडे बघू लागला. माझ्याकडेही तयार उत्तर नव्हतं, कारण हाच प्रश्न घेऊन शास्त्रज्ञ मंडळी सत्तरहून अधिक वर्षं बसली आहेत. पुरण शिजून, वाटून, मांडे होऊन, आमरसासोबत संपले तरी माझ्या डोक्यातून तो प्राणी जाईना.

प्राण्याचं नाव थेरिझिनोसॉरस. तो थेरोपॉड कुळातला. मागच्या दोन पायांवर चालणाऱ्या डायनोसॉरांचं हे कूळ. टायरॅनोसॉरस यातलाच, व्हेलॉसिरॅप्टरही यातलाच आणि आपल्या अंगणातली चिमणी-कोंबडीसुद्धा याच वंशातली. कुळाचा मूळ धंदा शिकारीचा. दात करवतीसारख्या कडांचे, पाय पळण्याचे, पोट आटोपशीर. अशा घराण्यात काही शाखांनी मांस सोडलं आणि पाल्यावर आल्या. डायनोसॉरांतले माळकरीच म्हणा. पण काकांशी त्यांची तुलना करायला गेलं की पहिल्याच पावलाला अडतं. काकांनी एका आषाढीत ताट बदललं. या मंडळींनी ताट बदलता बदलता जबडा, कंबर, पोट, चाल असं सगळंच बदललं आणि त्याला कोट्यवधी वर्षं लागली. त्यामुळे त्यांची माळ हाडांत वाचता येते. मात्र बघायचं कुठे हे कळलं पाहिजे. तिथेच सगळे बराच काळ फसत राहिले, कारण सगळे नखांकडे बघत होते.

ती नखं पहिल्यांदा हाती लागली १९४८ मध्ये. सोव्हिएत शास्त्रज्ञांची मोहीम मंगोलियातल्या गोबीच्या वाळवंटात, नेमेग्तच्या खडकांत खोदत होती. तिथे अर्ध्या मीटरच्या आसपास लांबीची, दोन्ही बाजूंनी चपटी नखाची हाडं निघाली. जिवंतपणी त्यावर शिंगासारख्या द्रव्याचं आवरण असणार, म्हणजे प्रत्यक्ष नख त्याहून लांब. जवळच काही रुंद बरगड्याही होत्या. येवगेनी मालेयेव यांनी १९५४ मध्ये हे सगळं जोडून निष्कर्ष काढला, की हा कासवासारखा कुणी प्रचंड जलचर असावा आणि नखांनी तो पाण्यातल्या वनस्पती कापत असावा. पुढे १९७० मध्ये रोझ्देस्तव्हेन्स्की यांनी दाखवून दिलं, की बरगड्या भलत्याच प्राण्याच्या, लांब मानेच्या सॉरोपॉडच्या आहेत आणि नखं थेरोपॉडची आहेत. मग एवढ्या नखांनी तो काय करत असेल? वाळवीची वारुळं फोडत असेल, असा एक तर्क तेव्हा पुढे आला. १९७६ मध्ये मंगोलियाच्या बार्सबोल्ड यांनी नव्याने मिळालेल्या खांद्या-हातांचं वर्णन केलं. एकेक हात जवळजवळ अडीच मीटर लांब. १९७९ मध्ये पेर्ले यांनी सेग्नोसॉरस नावाचा याचा एक भाऊबंद जगापुढे आणला, आणि त्याच्या रुंद पायांकडे बघून ही मंडळी पोहत असतील, मासे खात असतील अशी चर्चा सुरू झाली. १९८४ मध्ये ग्रेगरी पॉल यांनी जोर देऊन मांडलं की हे सगळे पालाखाऊ आहेत.

म्हणजे तीस वर्षांत एकाच घराण्याच्या ताटात पाणवनस्पती, वाळवी, मासे आणि शेवटी पाला असं सगळं वाढून झालं. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. हातात फक्त नखं असली तर माणूस नखांवरूनच बोलणार. नख दिसतंच असं, की दुसरं काही बघावंसं वाटू नये. खेळणी बनवणाऱ्यांचंही तेच होतं, सिनेमावाल्यांचंही तेच.

आता गंमत अशी, की थेरिझिनोसॉरसची कवटी आजपर्यंत सापडलेली नाही. जबडा नाही, खात्रीचा एक दातसुद्धा नाही. ‘हा पाला खायचा’ असं पुस्तकं छातीठोकपणे सांगतात ते त्याच्या तोंडाकडे बघून नव्हे, तर त्याच्या भावकीच्या तोंडाकडे बघून. सोयरीक जुळवताना आपण नाही का मुलाच्या मामाकडे, आत्याकडे चौकशी करत? मुलगा समोर आला नाही तरी अर्धीअधिक माहिती मिळतेच.

या भावकीतला सगळ्यांत बोलका साक्षीदार एर्लिकोसॉरस. १९८० मध्ये वर्णन झालेल्या या प्राण्याची कवटी जवळजवळ अखंड मिळाली. तोंडाच्या पुढच्या टोकाला वरच्या बाजूला दातच नाहीत. तिथे चोच होती. मागे बारीक, पानाच्या आकाराचे, कडांना दातेरी दात ओळीने लागलेले. मांस फाडायचे दात लांब आणि मागे वळलेले असतात, म्हणजे घास आत खेचला जातो. हे तसे नाहीत. स्टेफान लाउटेनश्लागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कवटीचं सीटी स्कॅन करून संगणकावर तिचे स्नायू चढवले आणि ती किती जोराने चावू शकत होती हे मोजलं. चावा तसा बेताचाच निघाला. हाड फोडणं सोडाच, जाड फांदी चघळणंही त्याला जड गेलं असतं. पाला ओरबाडायला मात्र तेवढा जोर पुरे. २०१३ च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात असंही दिसलं, की पुढे चोच असल्याने चावताना कवटीवर येणारा ताण कमी होतो. मेंदूच्या पोकळीवरून त्याचं नाक आणि कान दोन्ही चांगले तल्लख असावेत, असाही अंदाज आहे. शिकारी बापजाद्यांकडून आलेली ही इस्टेट त्याने टाकून दिलेली दिसत नाही. पिकलेलं काय आणि कुठे हे वासावरून कळत असेल तर पालाखाऊलाही त्याचा उपयोग असतोच.

सेग्नोसॉरसची गोष्ट आणखी निराळी. २०१६ मध्ये लिंडसे झॅनो आणि मंगोलियन सहकाऱ्यांनी त्याचा खालचा जबडा नव्याने तपासला, तेव्हा काही दातांना नेहमीच्या दोन धारांखेरीज जादा धारा आणि घड्या दिसल्या. हा प्राणी नुसता ओरबाडून गिळत नव्हता. तोंडात थोडंफार कापून-चिरून मग आत ढकलत होता. एर्लिकोसॉरसचे दात यापेक्षा साधे. आणि दोघे सापडले एकाच थरांत, बायनशिरे नावाच्या खडकांत. एकाच शिवारात दोन भाऊ राहत असतील तर दोघांनी एकाच झाडावर चढाई करू नये, अशी काही वाटणी निसर्गात होते. इथेही तशी झाली असावी.

पण दातांपेक्षाही मला पटतो तो कमरेचा पुरावा. मांस पचायला सोपं. ते पोटात फार वेळ ठेवावं लागत नाही. पाला मात्र कठीण. त्यातला तंतू फोडायची युक्ती कुठल्याच मोठ्या प्राण्याच्या अंगात नाही. ते काम पोटातल्या सूक्ष्मजीवांकडून करून घ्यावं लागतं. त्यासाठी पाला तासन् तास आत आंबत राहायला हवा आणि त्यासाठी मोठं, लांबलचक पोट हवं. गोठ्यातल्या म्हशीचा घेर बघितला की हे वेगळं शिकवावं लागत नाही. आता शिकारी थेरोपॉडची कंबर अरुंद, आणि तिचं खालचं हाड पुढे झुकलेलं. ते पोटाच्या जागेवर आक्रमण करून बसलेलं असतं. थेरिझिनोसॉर मंडळींत हे हाड मागे वळलं आणि कमरेची वरची हाडं बाहेरच्या बाजूला फाकत गेली. पोटाला जागा झाली. पण एवढं पोट पुढे आल्यावर तोल जाणार, म्हणून धड उभट झालं. पाय जाड झाले आणि शिकारी थेरोपॉडांच्या तीन बोटांऐवजी चार बोटं जमिनीवर टेकू लागली. पळणं संपलं. पोटासाठी माणसं गाव सोडतात. यांनी पळणं सोडलं.

हे सगळं एकदम घडलं नाही, याचाही पुरावा आहे. अमेरिकेतल्या युटामध्ये फाल्कॅरियस नावाचा या घराण्यातला एक जुना पूर्वज सापडला. २००५ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. लांबी चार मीटरच्या आसपास. त्याचे दात पानाच्या आकाराकडे झुकलेले, कंबर रुंदावू लागलेली, पण पाय अजून पळणाऱ्याचे. म्हणजे आधी तोंड आणि पोट बदललं, पाय नंतर. शिकारीचं सामान अजून अडगळीत आहे आणि स्वयंपाकघर मात्र बदललंय, असा हा प्राणी. ‘मांसाहारी की शाकाहारी’ असा प्रश्न त्याला विचारला असता तर बहुधा “दोन्ही, मिळेल ते” असंच उत्तर आलं असतं.

मांसाहारी कुळात पाल्याकडे वळणारे हे एकटेच नव्हते. चीनच्या शिनजियांगमध्ये सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा लिमुसॉरस सापडला, २००९ मध्ये त्याची नोंद झाली. पुढे लहान-मोठ्या वयाचे बरेच सांगाडे एकत्र ठेवून बघितल्यावर कळलं, की पिल्लांना दात आहेत आणि मोठ्यांना एकही नाही. वय वाढेल तसे दात गळत गेले आणि चोच आली. मोठ्यांच्या पोटाच्या जागी लहान लहान खडे मिळाले. कोंबडी जसे खडे गिळून दाणा भरडते तसे. एकाच जन्मात लहानपणी मिश्र आणि मोठेपणी पाला! सगळ्या थेरोपॉडांत काकांच्या सर्वांत जवळ येणारा हाच, फक्त याला वारी करावी लागली नाही.

आणि गोबीतलाच डाइनोकायरस. १९६५ मध्ये झोफिया किएलान-याव्होरोव्स्का यांना त्याचे नुसते दोन प्रचंड हात मिळाले होते. जवळजवळ पन्नास वर्षं हा प्राणी म्हणजे दोन हात आणि बाकी तर्क. २०१४ मध्ये उरलेलं शरीर प्रसिद्ध झालं; त्यातले कवटी आणि पाय तर चोरट्या व्यापारातून परदेशी गेलेले परत मिळवावे लागले. पोटात १४०० हून अधिक खडे होते आणि सोबत माशांची हाडं व खवलेही. भल्यामोठ्या हातांकडे बघून ज्याला भयंकर शिकारी ठरवलं होतं, तो पाणथळीत पाला आणि मासे दोन्ही ओरपणारा निघाला.

चिलीचा चिलेसॉरस तर सगळ्यांवर ताण. २००४ मध्ये दक्षिण चिलीत भूगर्भशास्त्रज्ञ आई-वडिलांसोबत भटकणाऱ्या दिएगो सुआरेझ या सात वर्षांच्या मुलाला हाडं दिसली आणि २०१५ मध्ये त्या प्राण्याला त्या मुलाचंच नाव मिळालं. (हे ऐकल्यापासून भाचा आमच्या नाल्यातले दगड उलटेपालटे करतोय.) दात पानासारखे, हाताला दोनच धड बोटं, कंबरेचं हाड मागे वळलेलं. काळ जवळजवळ साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हाच्या रानात फुलझाडांचा मेळा अजून भरायचा होता; ताटात नेचे, सायकस आणि सूचिपर्णी झाडं एवढंच. शोधकर्त्यांनी त्याला थेरोपॉड म्हटलं. दोनच वर्षांत इंग्लंडमधल्या संशोधकांनी मांडलं की हा थेरोपॉड नव्हेच, हा मुळात पालाखाऊ असलेल्या दुसऱ्या मोठ्या घराण्याचा जुना पूर्वज आहे. वाद मिटलेला नाही. एखाद्याने घरची रीत इतकी सोडावी, की तो आपल्या घरचाच का, असा प्रश्न भावकीला पडावा!

मग आईच्या प्रश्नाचं काय? नखं कसाले?

लाउटेनश्लागर यांनी २०१४ मध्ये वेगवेगळ्या थेरोपॉडांची नखं संगणकावर ताणून-दाबून बघितली. जमीन उकरायला थेरिझिनोसॉरसची नखं कुचकामी, मोडली असती. भाऊबंदांची छोटी, वळलेली नखं मात्र फांदी अडकवून जवळ ओढायला ठीक होती. २०२३ च्या दुसऱ्या एका अभ्यासाने आणखी पुढे जाऊन म्हटलं, की थेरिझिनोसॉरसच्या नखांना कुठलंच जोराचं काम झेपत नव्हतं. शरीर वाढत गेलं तशी ती बेसुमार वाढत गेली आणि शेवटी दाखवण्यापुरती उरली. २०२५ मध्ये गोबीतूनच दुओनिकस नावाचा दोनच बोटांचा भाऊबंद पुढे आला. त्याच्या एका नखावर शिंगद्रव्याचं आवरणही शाबूत होतं. त्याची नखं चांगलीच आकड्यासारखी वळलेली, फांदी धरून खाली ओढायला उपयोगी. म्हणजे लहानांची नखं कामाची आणि सगळ्यांत मोठ्याची शोभेची. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मानपानाले.” मला हे उत्तर बऱ्याच शोधनिबंधांपेक्षा नेटकं वाटलं.

आता आपल्या मातीकडे येतो, कारण इथे माझी खरी अडचण सुरू होते. भाच्याने ते खेळणं दुपारभर केळीच्या बागेत, ओल्या सरीत उभं करून ठेवलं होतं. मागे सातपुडा, पुढे केळीची पानं. फोटो झकास आला. पण थेरिझिनोसॉरसने केळीचं पान तोंडात धरलं असं म्हणायला काडीचा आधार नाही. या घराण्याची हाडं आशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या खडकांत मिळतात. थेरिझिनोसॉरस गोबीत नदीकाठी चरत होता तेव्हा, म्हणजे सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी, आपला भारत आशियाला चिकटलेलाही नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला समुद्रात तो एकटाच उत्तरेकडे सरकत होता. खान्देशही त्यात होता, पण त्याच्यावर आजची जमीन यायची होती.

ती आली साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, लाव्हा होऊन. आपला सगळा काळा पत्थर, ज्याच्यात विहिरी खोदताना सुरुंग लावावे लागतात, तो याच लाव्हाचा. धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून सरळ रेषेत भिंतीसारखे उठलेले काळे कणे दिसतात, तेही त्याचेच. तापलेला रस भेगांत शिरून जागीच गोठला. वरून तापीने गाळ पसरला आणि त्यात आपण कापूस, ज्वारी, केळी लावली. त्यामुळे आमच्या भागात कुणाला डायनोसॉर सापडत नाही, आणि भाचा कितीही दगड उलटे करो, बहुधा सापडणारही नाही. खाली असलेच तर ते शेकडो फूट लाव्हाच्या खाली आहेत. सातपुडा ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात उतरलं की चित्र बदलतं. तिकडे धार जिल्ह्यात बागच्या परिसरात डायनोसॉरची घरटीच्या घरटी आहेत, अंड्यांसकट. आम्ही मात्र झाकणावर राहतो.

याच झाकणाच्या पूर्वेच्या कडेला, चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात, पिजदुरा नावाचं गाव आहे. शास्त्रीय लेखनात त्याचं पिसदुरा होतं. एकोणिसाव्या शतकापासून जीवाश्मांसाठी ते ठाऊक आहे, आणि तिथे हाडांबरोबर एक अशी गोष्ट मिळते जी जगात फार थोड्या ठिकाणी मिळते. डायनोसॉरचं दगड झालेलं शेण. मांसाहाऱ्यांच्या विष्ठेत हाडांचं फॉस्फेट असतं, त्यामुळे ती त्यातल्या त्यात टिकते. पालाखाऊचं शेण पावसात विरून जातं. पिजदुऱ्यात ते टिकलं.

२००५ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी या दगडी शेणाच्या आत काय आहे ते ‘सायन्स’ या नियतकालिकात सांगितलं. वनस्पती जमिनीतून पाण्याबरोबर सिलिका शोषतात आणि पेशींमध्ये तिचे काचेसारखे सूक्ष्म कण साठवतात. ज्वारी कापणाऱ्या बाईच्या हातांना विचारा. पातं चरचरीत लागतं ते यामुळेच. गवताच्या प्रत्येक गटात या कणांचा आकार वेगळा. पान पचतं, कण पचत नाही. तो शेणात उतरतो. गोवरीच्या राखेने भांडी लख्ख निघतात त्यात या कणांचाही हात आहे. पिजदुऱ्याच्या शेणात असे कण सापडले आणि त्यांनी सांगितलं की खाणाऱ्याने सूचिपर्णी झाडं खाल्ली, ताडवर्गातली झाडं खाल्ली, इतर फुलझाडं खाल्ली आणि निदान पाच प्रकारची गवतंही खाल्ली. हा शेवटचा मुद्दा तेव्हा जगभर गाजला, कारण डायनोसॉरांच्या काळात एवढी गवतं होती हे कुणी मानत नव्हतं. यातली काही तर आजच्या भाताच्या जवळची. त्याआधी २००३ मध्ये याच शेणातल्या कार्बनच्या तपासणीवरून कळलं होतं की खाल्लेल्या वनस्पती भाताच्या पद्धतीने सूर्यप्रकाश वापरणाऱ्या होत्या. ज्वारी-मक्याची पद्धत निघायला अजून कोट्यवधी वर्षं होती. तेव्हा आमच्या कळण्याच्या भाकरीला त्या काळात स्कोप नव्हता.

पण हे शेण कुणाचं? लांब मानेच्या टायटॅनोसॉरांचं असावं, असा संशय आहे, कारण त्यांची हाडं तिथे मिळतात आणि शेणाचा आकार त्यांना शोभतो. संशयच. शेणावर सही नसते.

आणि इथे मला सगळ्या प्रकरणाची गाठ सापडते. गोबीत खाणारा आहे. त्याची नखं आहेत, कंबर आहे, भावकीचे दात आहेत, पण जेवणाचा एक घास नाही. पिजदुऱ्यात जेवण आहे, अगदी पाच गवतांच्या वेगवेगळ्या खुणांसकट. पण खाणाऱ्याने नाव ठेवलेलं नाही. डायनोसॉर काय खात होते यावर आपण जे काही बोलतो ते या दोन अर्धवट कागदांच्या मधल्या जागेत बोलतो. मला वाटतं, थेरिझिनोसॉरसबद्दल बोलताना पिजदुऱ्याची आठवण ठेवली तर बोलणं जरा जमिनीवर राहील. ते शेण टायटॅनोसॉरचं असेल, तर तो समोर येईल ते खात होता, असं ते सांगतं. निवडक नाही, नखरे नाहीत. थेरिझिनोसॉरसच्या चित्रात मात्र तो नेहमी एखाद्या उंच झाडाचं कोवळं पान अलगद ओढताना दाखवतात. एवढं मोठं पोट अलगद भरत नसतं. नऊ-दहा मीटर लांबीचा, अंदाजे पाच टनांचा हा प्राणी दिवसभर चरतच असणार.

ताट वाढायचंच झालं तर मी नेमेग्तच्या नदीकाठापासून सुरुवात करीन. तिथे सूचिपर्णी अराउकॅरियासारखी झाडं होती, त्यांचे कोवळे शेंडे आणि बियांचे शंकू. फुलझाडांनी तोवर बस्तान बसवलं होतं, त्यांची पानं आणि फळं. भावकीचं नाक चांगलं होतं म्हणून पिकून खाली पडलेलंही. मधूनच पानावरचा किडा, अंड्यातलं काही, हेही वर्ज्य नसावं. कोंबडीला दाणा टाकला म्हणून ती गांडूळ सोडत नाही. शेजारी डाइनोकायरस पाण्यातलं ओरपत असेल, तर याने काठावरचं आणि उंचावरचं घ्यावं. लाकूड, जाड साल, कठीण कवचाची बी ही त्या नाजूक जबड्याला झेपणारी नव्हती, असं एर्लिकोसॉरसकडे बघून म्हणता येतं. पण एर्लिकोसॉरस याच्यापेक्षा कितीतरी लहान आणि कोटी-दोन कोटी वर्षं आधीचा. सेग्नोसॉरससारखे जादा धारांचे दात याला असतील तर माझं अर्धं ताट बदलावं लागेल.

म्हणून सगळे कवटीची वाट बघतात. मला विचाराल तर मी शेणाची वाट बघेन. कवटी मिळाली तर दात कसे होते आणि चावा किती जोराचा होता हे कळेल. पानाचं नाव कळणार नाही. नाव काढायचं तर ते काचेचे कणच हवेत, पिजदुऱ्यात निघाले तसे. नेमेग्तच्या नद्यांनी शेण वाहून नेलं नसेल आणि एखाद्या डबक्याच्या तळाशी चार पोह राहिले असतील, तर कधीतरी ते कुणाच्या तरी ब्रशखाली येतीलही. आणि आले, तरी ते थेरिझिनोसॉरसचे की डाइनोकायरसचे की तिथल्या चोचवाल्या सॉरोलोफसचे, यावर पुढची तीस वर्षं भांडायला गोबीत पालाखाऊंची कमतरता नाही.